विश्लेषण : ताडोबात मोबाइलला बंदी, कॅमेऱ्याला मुभा... असे का?

ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारावर पहाटे रांगेत उभ्या असलेल्या पर्यटकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. शेजारच्या जिप्सीतल्या माणसाच्या मांडीवर हातभर लांबीची लेन्स असते, तिला कोणी काही म्हणत नाही. आपल्या खिशातला फोन मात्र आत नेता येत नाही. हा नियम पैसेवाल्यांच्या सोयीचा आहे, अशी कुरकूर मग जिप्सी सुटेपर्यंत सुरू राहते. लेन्सची किंमत लाखाच्या घरात असते, त्यामुळे कुरकूर अगदीच निराधार नाही. पण नियमाचे कारण किमतीत नाही, ते अंतरात आहे. आणि हेच अंतर शेजारच्या गडचिरोलीत, जिथे जंगलाला प्रवेशद्वारच नाही, माणसांच्या जिवावर बेतले आहे.

बंदी कधीपासून?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात सफारीदरम्यान मोबाइल नेण्यास डिसेंबर २०१८ पासून मनाई आहे. फोन खोलीवर किंवा प्रवेशद्वारावर ठेवून जावे लागते. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट प्रकरणातील निकालात देशभरातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइल वापरण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले. तत्कालीन सरन्यायाधीश, मूळचे अमरावतीचे भूषण गवई यांच्या नेतृत्वाखालील खंडपीठाचा हा निकाल. म्हणजे ताडोबाचा स्थानिक नियम सात वर्षांनी देशाचा झाला.

त्याआधी वर्षभर गाजले ते उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. ३१ डिसेंबर २०२४ रोजी तिथल्या गोठणगाव सफारीत ‘एफ-२’ वाघीण पाच बछड्यांसह रस्ता ओलांडत असताना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडवली. चित्रफीत पसरली, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, जिप्सीचालक आणि गाइडांवर कारवाई झाली. ती चित्रफीत पाहिली तर जिप्सीतले हात दिसतात आणि त्या हातांत फोन दिसतात.

अंतराचे गणित काय?

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन वाहनांमध्ये किमान ५० मीटर अंतर ठेवायचे असते. हे २० मीटर फोनमधून कसे दिसतात, ते पाहू.

बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा रुंद दृश्यासाठी बनवलेला असतो. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात मांडायचे तर त्याची लेन्स साधारण २६ मिलिमीटरची भरते. घरातला वाढदिवस, हॉटेलातले ताट, चौघांचा सेल्फी ही तिची कामे. असा फोन आडवा धरला, तर १०० मीटरवरचा सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा एका फोटोत मावतो. त्यात शेपूट सोडून दोन मीटर लांबीचा वाघ उभा असेल, तर ४ हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत त्याच्या वाट्याला जेमतेम ६० पिक्सेल येतात. पिवळसर ठिपका म्हणा हवे तर. हेच काम ४०० मिलिमीटरच्या लेन्सने फुल फ्रेम कॅमेऱ्यावर केले, तर १०० मीटरवर फक्त ९ मीटरचा पट्टा दिसतो आणि वाघ चौकटीचा पाचवा भाग व्यापतो. डोळ्यांतली चमकही येते.

आता नियमातले २० मीटर घ्या. फोनच्या चौकटीत तिथे सुमारे २६ मीटर रुंदी मावते, वाघ तेराव्या भागापुरता उरतो. लांब लेन्सला मात्र २० मीटर जवळच पडतात, अख्खा वाघ मावतही नाही, चेहराच येतो. म्हणजे नियमातले अंतर एका उपकरणाला पुरून उरते आणि दुसऱ्याला कधीच पुरत नाही. फोनमध्ये वाघ चौकटीचा चौथा भाग व्यापायला हवा असेल, तर त्याच्यापासून सहा मीटरवर जावे लागेल. ‘भाऊ, थोडी आणखी पुढे घ्या ना,’ हे वाक्य जिप्सीचालकांना दिवसात किती वेळा ऐकावे लागते, त्याचे मूळ या भूमितीत आहे. पर्यटक दरवेळी उद्धट असतो असे नाही. त्याच्या हातातल्या पडद्यावर वाघ खरोखरच लहान दिसत असतो.

झूम केले तर?

महागड्या फोनांत आता पाच पट किंवा त्याहून अधिक ऑप्टिकल झूम मिळतो. पाच पट झूमची लेन्स १२० मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे १०० मीटरवर २५ ते ३० मीटरचा पट्टा. वाघ ओळखू येतो, पण पहाटेच्या अंधुक उजेडात त्या छोट्या लेन्समधून प्रकाश कमी येतो. फोन मग लागोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र जोडतो. झाड स्थिर असते, ते जुळते. वाघ चालतो, तो पुसट होतो.

त्यापुढचा झूम हा डिजिटल. त्यात नवी माहिती येत नाही, आहे तीच ताणली जाते. अलीकडचे फोन ताणलेल्या जागेत एआयच्या मदतीने तपशील भरतात. फुलदाणीच्या फोटोत त्याने काही बिघडत नाही. वाघाच्या बाबतीत बिघडते, कारण त्याचे पट्टे हीच त्याची ओळख आणि फोनने अंदाजाने काढलेले पट्टे त्या वाघाचे असतीलच असे नाही.

मग मोठ्या लेन्सवाले निर्दोष?

तसे मुळीच नाही. लांब लेन्समुळे दूर थांबणे शक्य होते, पण थांबायचे की नाही हे माणूस ठरवतो. वन्यजीव छायाचित्रकारांमध्ये सर्वाधिक मागणी असते ती ‘हेड-ऑन’ फोटोला, म्हणजे वाघ सरळ कॅमेऱ्याकडे चालत येतानाच्या. त्यासाठी जिप्सी वाघाच्या मागे नव्हे, पुढे हवी. मग चालक अंदाज घेऊन गाडी वाघाच्या वाटेवर आणतो आणि वाघ पुढे येईल तसा मागे मागे घेत राहतो. एक गाडी असेल तर वाघ कडेने निघून जातो. आठ गाड्यांना हाच फोटो हवा असेल, तर वाट बंद होते.

उलट, ताडोबातलाच एक चांगला नमुना. निमढेला-रामदेगी परिसरात एक वाघीण पाणवठ्यातून प्लॅस्टिकची बाटली तोंडात धरून बाहेर काढते, ही चित्रफीत २०२४ च्या सुरुवातीला देशभर पाहिली गेली. वाघिणीला गाड्यांनी घेरले असते, तर ती पाण्याजवळ असे निवांत वागली नसती. त्या काही सेकंदांनी जंगलातल्या कचऱ्याबद्दल जेवढी चर्चा घडवली, तेवढी सूचनाफलकांना वर्षानुवर्षे जमली नव्हती.

उन्हाळ्यात लांब लेन्सलाही एक मर्यादा येते, तीही सांगायला हवी. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. सकाळी नऊनंतर रस्ता तापला की त्यावरची हवा थरथरते आणि दूरचा वाघ पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. दोन लाखांची लेन्स असली तरी फोटो मऊ येतो. अनुभवी छायाचित्रकार अशा वेळी कॅमेरा खाली ठेवतात. नवखे गाडी पुढे घ्यायला सांगतात.

फोटोसोबत पत्ता कसा जातो?

बंदीमागे दुसरे कारण नेटवर्कचे आहे. पूर्वी वाघ कुठे दिसला हे एका जिप्सीने दुसरीला समोरासमोर आल्यावरच सांगता यायचे. फोन आल्यावर एका निरोपात सगळ्या गाड्या एकाच वळणावर जमू लागल्या. कॅमेरा हे करत नाही. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत वाय-फाय असते खरे, पण ते बहुधा फोनशीच जोडावे लागते आणि फोन तर बाहेर राहिलेला असतो.

शिवाय फोनने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये, लोकेशन सुरू असेल तर, अक्षांश-रेखांश आणि वेळ नोंदली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही नोंद गळून पडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, की नोंद जशीच्या तशी पुढे जाते. वाघाचा सुंदर फोटो ‘क्वालिटी कमी होऊ नये’ म्हणून लोक डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतात. जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा परिसरातून वाघांच्या शिकारीत गुंतलेल्या आंतरराज्य टोळीच्या म्होरक्याला अटक झाली होती. ही माणसे वाघाच्या वाटा शोधण्यासाठी महिनोन्‌महिने रानात तळ ठोकतात. त्यांना पत्ता आयता पोहोचवण्याचे कारण नाही. कॅमेरा सेटिंगमधील ‘लोकेशन’ बंद करायला दहा सेकंद लागतात.

वाघाच्या सर्वांत जवळचा कॅमेरा कोणाचा?

तो वनविभागाचा असतो आणि त्याच्यामागे माणूस नसतो. कॅमेरा ट्रॅप ही झाडाच्या बुंध्याला साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधलेली पेटी. तिच्यातला इन्फ्रारेड सेन्सर शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपतो आणि शटर उघडतो. वाघ काही मीटरवरून निघून जातो. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन पेट्या लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात. एकच बाजू मिळाली तर एका वाघाचे दोन वाघ मोजले जाण्याची भीती. नंतर संगणकावर पट्ट्यांची जुळणी होते, आपण अंगठ्याचे ठसे जुळवतो तशी.

२०२२ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत ३२,५८८ ठिकाणी असे कॅमेरे लागले. त्यांनी ४ कोटी ७० लाखांहून अधिक फोटो काढले. त्यांत वाघाचे होते ९७,३९९, म्हणजे सरासरी ४८३ फोटोंमागे एक. बाकी चितळ, सांबर, रानडुक्कर, गुरे, गुराखी आणि वाऱ्याने हललेले गवत. त्यातून ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखले गेले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ४४४ वाघांचा अंदाज आला. एका सफारीत वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे ४८३ चे प्रमाण लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण माणूस यातून पूर्ण सुटलेला नाही. गणनेतल्या पाऊलखुणांच्या नोंदी वनरक्षक आजही पायी फिरून घेतात. २० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलारा भागात अशाच सर्वेक्षणासाठी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केले. रस्त्यावर सुमारे २०० मीटरवर वाघीण बसलेली दिसल्यावर त्या आणि त्यांचे तीन सहकारी बराच वेळ थांबले होते. नंतर झाडीतून वळसा घालून जाताना हल्ला झाला. हा हल्ला ‘माया’ या वाघिणीचा असल्याचे तेव्हाच्या वृत्तांमध्ये म्हटले होते. देशातल्या सर्वाधिक फोटो निघालेल्या वाघिणींपैकी ती एक. पर्यटकांना ती पाळल्यासारखी वाटायची, कारण जिप्सींची तिला सवय झाली होती. गाडीत बसलेला माणूस आणि पायी चालणारा माणूस यांत वाघ फरक करतो, हे फोटोत दिसत नाही.

ऑगस्ट २०२३ नंतर माया दिसलीच नाही. नोव्हेंबरमध्ये जंगलात वाघाचे अवशेष सापडले. कातडी उरली नव्हती, त्यामुळे हजारो फोटो असूनही पट्टे जुळवता येईनात. शेवटी डीएनए तपासणीच्या आधारे ते अवशेष तिचेच असल्याचे वनविभागाने जाहीर केले.

गडचिरोलीत काय वेगळे?

ताडोबात तिकीट आहे, गाइड आहे, गाडीतून उतरायला मनाई आहे. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत शिरले की यातले बहुतेक काही उरत नाही. जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगल आहे आणि रस्ते, शेते, गावे त्या जंगलातच आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून वीसहून अधिक रानटी हत्तींचा कळप इथे आला. कोरची, कुरखेडा, आरमोरी, देसाईगंज या धानपट्ट्यात त्याने मुक्काम वाढवला. त्याआधी इथल्या लोकांनी हत्ती पाहिले होते ते सिरोंचा वनविभागातल्या कमलापूरच्या शासकीय कॅम्पमधले, माहुताचे ऐकणारे. रानातल्या हत्तीशी वागायची सवय दोन-तीन पिढ्यांत कोणालाच नव्हती. सोबत फोन मात्र प्रत्येकाकडे होता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून कामासाठी आलेला एक तरुण मजूर गडचिरोलीतील आबापूरच्या जंगलात हत्तीसोबत सेल्फी घ्यायला गेला आणि हत्तीने त्याला चिरडले. बातमीखालच्या प्रतिक्रियांत त्याला मूर्ख ठरवणारे अनेक होते. गणित पुन्हा मांडून पाहा. पाच मीटर लांबीचा हत्ती फोनच्या चौकटीचा चौथा भाग व्यापावा असे वाटत असेल, तर १५ मीटरवर जावे लागते. आशियाई हत्तीचा वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर मोजला गेला आहे, म्हणजे सेकंदाला सात मीटर. १५ मीटर पार करायला त्याला दोन सेकंदांच्या थोडा अधिक वेळ लागतो. सेल्फीत तर माणसाची पाठ हत्तीकडे असते आणि पुढचा कॅमेरा मागच्यापेक्षाही रुंद असू शकतो. पडद्यावर हत्ती दूर दिसत राहतो. ही चूक एका तरुणाच्या नावावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. तीच चूक करायला लावणारे यंत्र आज घरोघरी आहे, आणि त्याच्या खोक्यावर असे काही छापलेले नसते.

कळप गावाजवळ आल्याची बातमी पसरली की आजही दुचाक्या जमतात. धान वाचवण्यासाठी रात्रभर जागणारा शेतकरी आणि वनविभागाचे पथक हत्तींना शांतपणे पुढे सरकू द्यायच्या प्रयत्नात असतात. गर्दी झाली की कळप बिथरतो, दिशा बदलतो आणि आणखी कोणाच्या तरी शेतात किंवा घरात शिरतो. फोटो काढणारा तोवर घरी पोहोचलेला असतो.

उन्हाळा कोणाचा?

मे महिना हा ताडोबातल्या छायाचित्रकारांचा हंगाम. पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्यावर येतो. हाच महिना आजूबाजूच्या गावांत तेंदूपत्त्याचा असतो. बायका पहाटे रानात जातात, वाकून पाने खुडतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातील मेंढामाळ परिसरात तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. पर्यटकांसाठी ‘सायटिंग चांगली’ असलेला आठवडा गावासाठी कसा असतो, हे समजायला दुसरे उदाहरण नको.

त्यामुळे आता गावाच्या सीमेवरही कॅमेरे येत आहेत. मोहर्ली भागातील सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये एआयवर चालणारी यंत्रणा बसवली गेली. वाघ किंवा बिबट्या कॅमेऱ्यासमोर आला की प्रतिमा ओळखून सूचना जाते. हा फोटो कोणी भिंतीवर लावणार नाही, पण त्याच्यामुळे कोणी तरी त्या संध्याकाळी सरपणाला जायचे टाळू शकते.

मग फोनने काय टिपावे?

जे त्याच्या लेन्सला जमते ते, म्हणजे रुंद दृश्य. आणि त्या बाबतीत गडचिरोली ताडोबापेक्षा श्रीमंत आहे. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. चपराळा अभयारण्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, तीच पुढे सिरोंचाला गोदावरीला भेटते. आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाने जपलेला जुन्या सागवानांचा तुकडा आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. मार्कंड्याची मंदिरे वैनगंगेच्या काठावरच आहेत. इथे ४०० मिलिमीटरची लेन्स निरुपयोगी ठरते, तिच्यात नदीचा एक तुकडा मावतो. फोन आडवा धरला की अख्खा संगम येतो.

दोन-चार गोष्टी पाळल्या तर फोटो सुधारतो. क्षितिज सरळ राहावे म्हणून ग्रिड सुरू करावे. आकाश पांढरे पडत असेल तर पडद्यावर आकाशाला बोट लावून उजेड कमी करावा. झूम टाळावा. सागाच्या उंच खोडांसाठी फोन वर वाकवला की झाडे मागे कलल्यासारखी दिसतात, त्याऐवजी थोडे मागे सरकून फोन सरळ धरावा. चौकटीत एक माणूस, डोंगा किंवा बैलगाडी असू द्यावी, त्याशिवाय नदीचा आकार कळत नाही. माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर आधी विचारावे. ड्रोन वनक्षेत्रात परवानगीशिवाय उडवता येत नाही.

वेळ निवडताना पावसाळ्याचा विचार मात्र करावा लागतो. ताडोबाचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, तसे भामरागड कोणी बंद करत नाही, पण पर्लकोटा फुगली की रस्ता पाण्याखाली जातो आणि तालुक्याचे गाव दिवसचे दिवस तुटते. ऑक्टोबर सरता सरता पाणी निवळते, धान पिवळे पडते आणि सकाळी नदीवर धुके असते. त्याच सुमारास हत्तीही धानाच्या वासाने शेतांकडे वळतात, तेव्हा निघण्यापूर्वी कळप कोणत्या भागात आहे ते वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्यावे.